डाव्या बाजूचं बेअरिंग

बायको गेल्याची बातमी आली तेव्हा मिस्त्री एका ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणा पडला होता. डेअरीच्या टँकरचा ड्रायव्हर वर्कशॉपच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. एरवी हा माणूस लांबूनच हॉर्न बडवत यायचा, चहाच्या नावाने ओरडायचा. आज नुसते त्याचे बूट दिसत होते, आणि तेही धड एका जागी राहत नव्हते.

"काय रे, नुसते पायच पाठवलेस? बाकीचा कुठे राहिला?" मिस्त्री खालूनच म्हणाला.

"मिस्त्री, आधी बाहेर या."

"नट धरलाय हातात. बोल की तिथूनच."

"वहिनींची गाडी उलटली. खाणीच्या उतारावर."

"लागलं का तिला?"

ड्रायव्हर उकिडवा बसला, वाकून ट्रॅक्टरखाली बघितलं आणि मान हलवली. मिस्त्रीच्या हातातला नट सुटला आणि त्याच्याच कपाळावर आदळला. तो लागल्याचं त्याला संध्याकाळी कळलं.

तो उतारावर पोचेपर्यंत तिला हलवलं होतं. गाडी मात्र होती तशीच आडवी पडली होती. एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि चार जाडजूड टायर असलेली ती बुटकी गाडी. जिथे रस्ता नाही तिथेही जाते. बायकोने तिचं नाव खेकडा ठेवलं होतं. ती गुरांचं बघायची. शिकलेली डॉक्टर नव्हती, पण डॉक्टरच्या हाताखाली राहून तयार झालेली होती. टेकड्यांवर विखुरलेल्या गोठ्यांत जायची, वाढलेली खुरं तासायची, सुजलेली कास शेकायची, अडलेली गाय सोडवायची. खेकड्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं.

मिस्त्री गाडीभोवती एकदा फिरला. मागचं डावं चाक तिरकं झालं होतं. चेन दातांवरून उतरून स्प्रॉकेटच्या, म्हणजे तिच्या दातेरी चक्राच्या, मागे अडकून बसली होती. म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाएकी जाम झाली असणार, आणि तीही उतारावर. त्याने चाकाच्या आतल्या बाजूला अ‍ॅक्सलवर, दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, हात ठेवला. अजून कोमट होता.

बेअरिंग. मागच्या अ‍ॅक्सलचं डावं बेअरिंग गेलं, अ‍ॅक्सल डुगडुगला, चेन उतरली. मिस्त्रीला दुसरं कुणी सांगायची गरज नव्हती. आणि ते बेअरिंग कुणी बसवलं होतं, तेही कुणी सांगायची गरज नव्हती. पावसाळ्यानंतर मिस्त्रीची पाठ धरली होती आणि तो अंथरुणावर पडून होता, तेव्हा बायकोने गाडी सरळ आपल्या भावाकडे नेली होती. भावाचंही वर्कशॉप होतं, डेअरीच्या पलीकडे. "घरात मिस्त्री असताना बाहेरून काम करून आणलंस?" असं मिस्त्री तेव्हाच पडल्या पडल्या गुरगुरला होता.

त्या संध्याकाळी तिला डेअरीच्या पटांगणात आणून ठेवलं होतं आणि सगळे तिथे जमले होते. दूध घालायला आलेले, टँकरवाले, गोठ्यांवरचे लोक. मेहुणा रडून रडून लाल झालेल्या डोळ्यांनी पुढे आला, "दाजी" म्हणाला, आणि मिस्त्रीने त्याची कॉलर धरली.

"तुझ्या बेअरिंगने खाल्लं तिला," मिस्त्री ओरडला. "हातोड्याने ठोकून बसवलंस ना? आळशा! बहिणीच्या गाडीला तरी जरा जीव लावायचास! यापुढे माझ्या फाटकाच्या आत पाऊल टाकलंस तर पाय ठेवणार नाही तुला!"

 मेहुण्याने उलट उत्तर दिलं नाही. त्याने कॉलरसुद्धा सोडवून घेतली नाही.

त्यानंतर खेकडा मिस्त्रीच्या आवारात ताडपत्रीखाली उभा राहिला. मिस्त्री कुणाला हात लावू देईना आणि स्वतःही उघडेना. येईल त्याच्यापुढे मेहुण्याच्या नावाने खडे फोडायचा. गिऱ्हाईक आपली गाडी दाखवायला यायचं आणि मेहुण्याची गोष्ट ऐकून जायचं. हळूहळू मेहुण्याच्या दुकानासमोर गाड्या लागेनाशा झाल्या. हे मिस्त्रीला कळत होतं आणि त्यात त्याला बरंही वाटत होतं.

बरं वाटत नव्हतं ते त्याच्या लेकीला. ती मामाच्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकून तिथेच काम करत होती. मामा तिला ठिणगी म्हणायचा. एका दुपारी ती कामावरून लवकर परत आली आणि आपल्या कपड्यांची बॅग आवारात आणून ठेवली.

"हे काय?" मिस्त्रीने विचारलं.

"काम नाही म्हणून मामाने मला घरी पाठवलं. दुकानात एकही गाडी नाही. तर मी आता मामाकडे राहायला चालले, कायमची."

"त्याने तुझ्या आईला..."

"बाबा, पुरे." तिने ताडपत्रीकडे बोट केलं. "इतके दिवस बोलताय. उघडून बघितलंत? तुम्ही मिस्त्री आहात की ज्योतिषी?"

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला शिकवतेस? मी नुसता आवाज ऐकून सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय ते!"

"माहीत आहे. सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. आता डोळ्यांनीही बघा. मामाची चूक निघाली तर त्याच्या दुकानाला मी स्वतः कुलूप लावते आणि ही बॅग परत आत नेते. नाही निघाली तर जिथे त्याची कॉलर धरलीत तिथेच जाऊन, तेवढ्याच मोठ्याने सांगायचं."

"काढ ती ताडपत्री," मिस्त्री म्हणाला. "आत्ताच काढ. होऊन जाऊ दे."

लेकीने बॅग बाजूला सारली आणि अंगावर जुना डगला चढवला. मागच्या बाजूला जॅक लावून गाडी उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले. मिस्त्रीने आधी उजवं चाक वरून आणि खालून धरून हलवून बघितलं. किंचित हलत होतं, फार नाही. मग डावं धरलं. ते दातासारखं हललं.

"बघ! बघितलंस?"

"हे मला खाणीवरही दिसलं होतं. पुढे चला."

चाकं निघाली. मग हब, ब्रेकची डिस्क, वाकलेली चेन, स्प्रॉकेट. मिस्त्री दातओठ खात काम करत होता आणि प्रत्येक नटाला मेहुण्याची एखादी चूक शोधत होता. अ‍ॅक्सलवर एकमेकांवर आवळलेले दोन मोठे नट असतात. ते ढिले सोडले की अ‍ॅक्सल सरकतो. मिस्त्रीने पाना लावला आणि जोर केला. नट हलेना. त्याने पान्याला पाइप लावला. दुसऱ्या झटक्याला नट कुरकुरत फिरला आणि आटे दिसले. त्यांवर वाळलेलं लाल गोंद होतं, नट सुटू नये म्हणून लावतात ते.

"गोंदसुद्धा लावलंय," लेक म्हणाली.

"गोंद कोणीही लावतं!"

"तुम्ही त्या डेअरीच्या मॅनेजरच्या गाडीला नव्हतं लावलं."

"तू गप्प बस आणि तो प्लास्टिकचा हातोडा दे."

अ‍ॅक्सल ठोकून बाहेर आला. आता मिस्त्रीला खात्री होती, चूक इथे सापडणारच. अ‍ॅक्सल ज्या घरात फिरतो त्यात दोन टोकांना दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्या मधे एक नळी. ती नळी घालायला विसरलं, की नट आवळताच दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे ओढली जातात आणि थोड्याच दिवसांत जळतात. घाईतला कारागीर हमखास विसरतो. मिस्त्रीने बोट आत घातलं आणि चाचपलं.

नळी जागेवर होती.

"काय?" लेकीने विचारलं.

"काही नाही."

"आहे ना?"

"आहे म्हटलं ना!" तो खेकसला. तो "आहे" असं एकदाही म्हणाला नव्हता.

मग त्याने आधी उजवीकडचं सील, पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून बसवलेली रबरी कड, काढलं, पितळी दांड्याने आतून गोल गोल ठोकत बेअरिंग बाहेर काढलं. हातोड्याने आतल्या कडीवर ठोकून बसवलं असतं तर गोळ्यांच्या वाटेत खळगे पडले असते. त्याने बेअरिंग कानाशी नेऊन फिरवलं. जरासं कोरडं झालं होतं, पण साफ फिरत होतं. बाहेरच्या कडीवर, जिथे दाब द्यायला हवा तिथेच, दाबाची गोल खूण होती. अक्षरं बाहेरच्या बाजूला होती. कंपनीही चांगली होती. मिस्त्री स्वतः वापरायचा तीच.

कुणी त्याचा हात पिरगाळत असल्यासारखा तो ते बेअरिंग बघत राहिला. एवढं नीट बसवायला कुणी सांगितलं होतं याला!

"अजून डावं राहिलंय," तो म्हणाला. "खरा घोळ डाव्यात आहे."

डाव्या बाजूच्या सीलला चिखल चिकटला होता. त्याने फडक्याने पुसलं आणि थबकला. सीलच्या रबरी ओठावर कापल्याची खूण होती. लांबट, वाकडी, नखासारखी. पेचकस घुसवला तर असं कापलं जात नाही. पेचकसाने रबर फाटतं. ही चीर धारदार होती आणि टोकाशी आत वळलेली होती. अशा टोकाचं हत्यार त्याच्या वर्कशॉपमध्ये नव्हतं. मेहुण्याकडेही नसणार.

त्याने सील उपसलं. मागे बेअरिंगच्या जागी एक काळा लगदा होता. गोळ्या निळ्या पडल्या होत्या, त्यांना धरून ठेवणारी पत्र्याची जाळी तुटून तिचे तुकडे त्यात रुतले होते. आणि जिथे थोडं ग्रीस असायला हवं तिथे घर काठोकाठ भरलेलं होतं. कशाने तरी.

"हे बघ!" मिस्त्री जवळजवळ आनंदाने ओरडला. "हे बघ तुझ्या मामाचं काम! हे काय ग्रीस आहे? कुठल्या नालीतून आणून भरलंय हे? उन्हात ठेवलं तर पाणी होईल याचं!"

 लेक त्या लगद्याकडे वाकली होती. मग तिने एक बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि तशीच राहिली.

"काय झालं?"

"वास घ्या, बाबा."

त्याने घेतला. आधी जळक्या लोखंडाचा वास आला. मग त्याच्या मागून डांबराचा, कापराचा आणि कसल्या तरी चरबीचा. हा वास त्याच्या घरातल्या उशांना होता, टॉवेलला होता, दाराच्या कडीला होता. बायको गाईंच्या फुटलेल्या खुरांना जे काळं मलम लावायची, ते हे होतं. आणि ती वाकडी चीर खूर तासायच्या चाकूची होती.

मिस्त्री खाली बसला. बसला आणि लगेच उठला.

एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली, त्याला नको असताना. एका गोठ्याचा रोग दुसऱ्या गोठ्यात जाऊ नये म्हणून ती प्रत्येक ठिकाणी गाडी जोराच्या पाण्याने धुवायची. पाण्याचा फवारा सरळ अ‍ॅक्सलवर मारू नकोस, सीलच्या आत पाणी जातं, असं त्याने तिला किती वेळा सांगितलं होतं. पाणी गेलं असणार. बेअरिंग घरघरू लागलं असणार. आणि घरघर घेऊन ती या फाटकातून आत आली असती तर त्याने ती गाडी तिथल्या तिथे खोलली असती. आधीच्या वेळी खोलली होती, आणि सामान येईपर्यंत गाडी पडून राहिली होती, आणि बायको पायी गेली होती, आणि ती पोचायच्या आत कुणाची तरी गाय मेली होती. म्हणून तिने सीलचा ओठ चाकूने उचलला आणि आवाज बंद करायला हाताशी होतं ते भरलं. आवाज बंदही झाला असणार. मलम गरम होऊन पाण्यासारखं पातळ होईपर्यंत.

"का गं?" मिस्त्री ओरडला. तो त्या उघड्या, रिकाम्या अ‍ॅक्सलच्या घराकडे बघून ओरडत होता. "का गं, एवढी कसली घाई? मला सांगायला तुला तोंड नव्हतं? मलम भरतेस? बेअरिंगमध्ये मलम? ती काय गाय आहे? चाळीस गोठ्यांना शहाणपण शिकवायचीस आणि एवढं कळलं नाही?"

"बाबा."

"मला फसवलंस तू! माझ्या दारातून जायचीस यायचीस आणि मला ऐकू येऊ नये म्हणून... मेल्यावर कळतंय मला!"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?" लेक म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, आवाज मात्र मामासारखा सपाट होता. "तोंड होतं तिला. तुमचे कान मात्र फक्त बेअरिंगला होते."

मिस्त्रीने तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर मागे सरली असती. ती सरली नाही. तेव्हा त्याने पेट्रोलचा डबा ओढला, फडकं बुडवलं आणि बेअरिंगच्या घरात हात घातला. लेकीने त्याचं मनगट धरलं.

"पुसू नका."

"सोड."

"नाही सोडणार. पुसलंत की मामा कायमचा गुन्हेगार."

"आणि नाही पुसलं तर? लोक काय म्हणतील तिला? स्वतःच्या हाताने मेली? तिला बोललेलं मी खपवून घेणार नाही!"

"मग मामाला बोललेलं कसं खपवलंत?"

दोघेही तसेच उभे राहिले, मधे पेट्रोल ठिबकणारं फडकं. शेवटी मिस्त्रीने ते भिंतीवर फेकलं. लेकीने जळकं बेअरिंग आणि कापलेलं सील एका ताटलीत उचललं, वर दुसरी ताटली झाकली आणि फाटकाबाहेर निघून गेली. बॅग तिथेच होती.

थोड्या वेळाने लेक परत आली, तिच्या मागोमाग मेहुणा. तो फाटकाशी थांबला. आत आला नाही.

"ये की आत," मिस्त्री म्हणाला.

"पाय ठेवणार नाही म्हणाला होतात. दोन्ही लागतात मला."

लेकीला हसू फुटलं आणि तिने ते गिळलं. मिस्त्रीला हसू आलं नाही.

"बघितलंस ते?"

"बघितलं. वासही घेतला." मेहुण्याने फाटकाच्या गजावर हात ठेवला. "दाजी, ताई आदल्या दिवशी माझ्याकडे आली होती. म्हणाली, घरघर होतेय, आवाज तेवढा बंद करून दे. मी म्हटलं, ठेवून जा, खोलावं लागेल. ती म्हणाली, वरच्या गोठ्यात गाय अडलीय, उद्या आणते. मी म्हटलं, मग अशी चालवू नकोस. तर म्हणाली, बरं. आणि चालवत गेली."

"आदल्या दिवशी?" मिस्त्रीचा आवाज चढला. "हे तुला माहीत होतं? आणि मी पटांगणात तुझा गळा धरला तेव्हा मूग गिळून बसलास?"

"काय सांगणार होतो? तिला तिथे आडवी ठेवलेली, आणि मी म्हणू, चूक हिची आहे?"

"दुकान बंद पडायची वेळ आली तुझ्यावर!"

"आली. बघू." मेहुणा खाली मान घालून म्हणाला. "दाजी, ते पुसून टाका. नवीन बेअरिंग घाला, गाडी ठिणगीला द्या, विषय संपवा. लोकांना माझं नाव घ्यायची सवय झालीय आता. ताईचं नाव नको."

हे ऐकून मिस्त्री शांत झाला असता तर बरं झालं असतं. पण त्याचं डोकं आणखीच फिरलं. ज्याला इतके दिवस शिव्या दिल्या तोच आता मोठेपणा करत होता, आणि असा करत होता की त्याच्यावर ओरडायलाही जागा नव्हती. मेहुण्यावर रागवता येईना. बायकोवर रागवावं तर ती नाही. त्याने फाटकाला लाथ घातली. फाटक मेहुण्याच्या बाजूला उघडलं आणि त्याच्या गुडघ्यावर बसलं.

"आई गं!"

"लागलं?"

"नाही, गुदगुल्या झाल्या."

"माझ्या बायकोचं काय झाकायचं आणि काय नाही ते तू ठरवू नकोस," मिस्त्री म्हणाला.  "ती कुणाची चोर नव्हती. तिला गाईपर्यंत पोचायचं होतं. पोचली होती ना? त्या गाईचं काय झालं?"

मेहुण्याने गुडघा चोळत मान वर केली. "वाचली. वासरूही वाचलं. गाडी उलटली ती परत येताना."

 मग मिस्त्रीने लेकीची बॅग उचलून घराच्या पायरीवर नेऊन ठेवली. तिने ती आतही नेली नाही आणि परत फाटकाकडेही आणली नाही.

"आधी पटांगणात," ती म्हणाली. "मग बॅग."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बेअरिंगचं घर साफ केलं. पण पुरावा पुसला नाही. ती झाकलेली ताटली लेकीच्या ताब्यात होती. अ‍ॅक्सल काचेवर फिरवून बघितला, वाकलेला नव्हता. नवी बेअरिंग थंड करून आणि घर गरम करून बाहेरच्या कडीवर दाब देत बसवली. नळी आधी घातली. सीलच्या ओठाला बोटाने ग्रीस लावलं, थोडंसंच. अ‍ॅक्सल सरकवला, आट्यांना गोंद लावून नट आवळले, नवी चेन चढवली, चाकं लावली. उचललेल्या गाडीचं चाक फिरवून पेचकसाची मूठ कानाशी आणि टोक बेअरिंगच्या घराशी धरलं. आवाज नव्हता. ही शांतता खरी होती, मलमाने दाबलेली नव्हती. तरी त्याने तीन-चारदा ऐकून बघितलं, विश्वास बसेपर्यंत, आणि विश्वास बसल्यावर पुन्हा चिडला.

लेकीने गाडी सुरू केली, आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि गुरांच्या डॉक्टरकडे निघून गेली. आईच्या फेऱ्या आता तीच करणार, असं तिने डॉक्टरला परस्पर सांगून टाकलं होतं. मिस्त्री तिच्यामागे ओरडला, "फवारा अ‍ॅक्सलवर मारू नकोस!" तिने मागे न बघता हात वर केला.

मेहुणा येतो. फाटकाच्या आतही येतो. पण त्याच्या दुकानासमोर अजून गाड्या लागत नाहीत, आणि लेकीची बॅग अजून पायरीवरच आहे. रोज सकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीचं पटांगण भरतं. मिस्त्री रोज डगला घालतो, वर्कशॉपच्या दारापर्यंत येतो, शब्द जुळवतो, आणि त्यातलं कुठलंही वाक्य बायकोच्या नावाशिवाय पुरं होत नाही म्हणून दातओठ खात परत आत जातो.

पटांगणात जाऊन चारचौघांत सांगायचं अजून राहिलं आहे.